टेललॅम्पच्या प्लास्टिकचा रंग घरगुती क्लीनरने काढायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर आधीच्या मालकाने काळपट स्प्रे मारलाय, तो काढायचाय. हात लागलेच आहेत तर इंडिकेटरचा केशरी भागही बिनरंगी करता आला तर हवाय. घरात ब्लीच, ओव्हन क्लीनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि काच पुसायचा स्प्रे आहे. यातलं काय चालेल?

काळा स्प्रे बहुतेक वेळा निघतो. केशरी रंग कुठल्याही क्लीनरने निघणार नाही. आणि या चार बाटल्यांपैकी तीन आत्ताच कपाटात परत ठेवा: नेलपॉलिश रिमूव्हर, काच पुसायचा स्प्रे आणि ब्लीच. गाड्यांचे दिवे उघडणं, घासणं, परत सील करणं हे माझं रोजचं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या खराब लेन्सपैकी (लेन्स म्हणजे दिव्याचं बाहेरचं प्लास्टिकचं झाकण) बऱ्याचशा उन्हाने किंवा दगड लागून खराब झालेल्या नसतात. त्या कोणीतरी साफ करायला घेतलेल्या असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी रंग नेमका कुठे बसलाय ते शोधायचं. ते कळल्याशिवाय बाटलीचं झाकणही उघडू नका. कारखान्यातून आलेल्या लाल किंवा केशरी लेन्समध्ये रंग वरून लावलेला नसतो. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात भरण्याआधीच त्यांच्यात रंगद्रव्य मिसळलेलं असतं. म्हणजे दोन-तीन मिलिमीटर जाडीची ती भिंत आरपार त्याच रंगाची असते. लाल, केशरी आणि बिनरंगी असे तीन पट्टे एकाच लेन्समध्ये दिसतात, तेव्हा एकाच साच्यात एकामागून एक तीन वेगळी प्लास्टिकं ओतलेली असतात. त्यातलं केशरी प्लास्टिक बिनरंगी करायचं म्हणजे त्याच्या पोटातलं रंगद्रव्य काढायचं, आणि तिथवर पोचण्यासाठी द्रवाला प्लास्टिकच्या आत शिरावं लागेल. जो द्रव एवढा आत शिरतो तो प्लास्टिक विरघळवूनच शिरतो. ब्लीचचं पाणी तर आत जातच नाही. लेन्स आठवडाभर ब्लीचमध्ये बुडवून ठेवली तरी रंग जिथल्या तिथे राहतो.

मग इंटरनेटवर ब्लीचने आणि ओव्हन क्लीनरने रंग झरझर उतरताना दिसतो तो कसा? त्यातलं बरंचसं स्केल मॉडेलच्या छोट्या गाड्यांचं असतं. त्यांचे दिवे बिनरंगी पॉलिस्टायरीनचे असतात, त्यावर पारदर्शक लाल किंवा केशरी लॅकर (वार्निशसारखा रंग) हाताने लावलेलं असतं, आणि बंपरची चमक म्हणजे ॲल्युमिनियमचा अगदी विरळ थर असतो. लॅकर आणि ॲल्युमिनियम दोन्ही क्षारापुढे, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीपुढे, टिकत नाहीत, त्यामुळे तिथे ती युक्ती खरीच चालते. रस्त्यावरच्या गाडीच्या दिव्याला तीच युक्ती लावली की रंग तसाच राहतो आणि चमक मात्र जाते. चमकेबद्दल पुढे सांगतो, कारण सगळ्यात महाग नुकसान तिथेच होतं.

तुमच्या लेन्सवर रंग कुठे आहे हे पाहण्याची सोपी रीत अशी. दिवा गाडीतून काढा. लेन्सची जी कड बॉडीच्या पत्र्याखाली दडलेली असते, तिथे कटरच्या पात्याने नखाएवढ्या जागेवर हलकेच खरवडा आणि निघालेली भुकटी पांढऱ्या कागदावर घ्या. भुकटी आधी काळपट आणि मग लालसर येत असेल, तर वर स्प्रेचा थर आहे आणि खाली अंगचा रंग आहे. सुरुवातीपासूनच केशरी येत असेल, तर तो विषय तिथेच संपला. काळा थर पात्याच्या टोकाशी सोलपटासारखा, लवचीक पट्टीसारखा उचलला गेला, तर तो स्प्रे नाहीच; ती चिकट फिल्म आहे आणि तुमचं नशीब चांगलं आहे. हेअर ड्रायरने फिल्म कोमट करा, एका कोपऱ्यापासून लेन्सला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढा, आणि मागे राहिलेला गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसून साबणाच्या पाण्याने धुऊन टाका. हीट गन नको. ॲक्रिलिक, म्हणजे मागच्या दिव्यांचं नेहमीचं प्लास्टिक, साधारण 105 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि हीट गन ते तापमान पाहता पाहता ओलांडते.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची. मागचे दिवे सहसा ॲक्रिलिकचे असतात आणि पुढचे हेडलाइट जवळजवळ नेहमीच पॉलिकार्बोनेटचे. अंदाज करायची गरज नाही. लेन्सच्या खालच्या कडेला किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पीएमएमए’ किंवा ‘पीसी’ असं इंग्रजीत उठवलेलं असतं. पहिलं ॲक्रिलिक, दुसरं पॉलिकार्बोनेट. टॉर्च तिरपी धरली की वाचता येतं. हे वाचणं महत्त्वाचं आहे, कारण दोघांचे शत्रू वेगवेगळे आहेत. पॉलिकार्बोनेट धक्क्याला कणखर, पण क्षाराला कच्चं. कॉस्टिक सोडा त्याच्या रेणूंची साखळीच तोडतो. ॲक्रिलिक क्षाराला बरंच सहन करतं, पण अल्कोहोल, पेट्रोल आणि थिनरपुढे तडकतं. ॲसिटोन दोघांचाही घात करतं.

आता एकेका बाटलीकडे येऊ.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं. बोळा फिरवल्याबरोबर काळा रंग निघतो आणि क्षणभर वाटतं काम झालं. पण त्याच वेळी खालचं ॲक्रिलिकही विरघळून मऊ झालेलं असतं, विरघळलेला काळा रंग त्या मऊ पृष्ठभागात मुरतो, आणि सुकल्यावर लेन्स ढगाळ, काळपट आणि बोटांच्या ठशांसकट कडक होते. बाटलीवर ‘ॲसिटोन नाही’ असं लिहिलेलं असलं तरी त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं, आणि तेही ॲक्रिलिकला विरघळवतं. रंगाचं थिनर याच जातीचं. पेट्रोलही नको, त्यातले ॲरोमॅटिक घटक ॲक्रिलिकला तडे पाडतात.

काच पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असतं. अमोनिया दोन्ही प्लास्टिकांना वाईट. शिवाय स्प्रे केलेल्या काळ्या थरावर त्याचा म्हणावा असा परिणामही होत नाही. फायदा नाही आणि जोखीम पुरेपूर.

ब्लीच या कामात निरुपयोगी आहे. त्यापेक्षा वाईट म्हणजे लोक एक चाललं नाही की त्यावर दुसरं ओततात. ब्लीचमध्ये अमोनियाचा स्प्रे पडला की क्लोरामाइनचे वायू सुटतात, व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो. बंद गॅरेजमध्ये हे प्रकरण फुफ्फुसांवर जातं. ब्लीचचा या कामाशी संबंधच ठेवू नका, म्हणजे चुकून मिसळण्याचाही प्रश्न नाही.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावण्याचा सल्ला फार फिरतो. फेस जोरात येतो खरा, पण तो कार्बन डायऑक्साइडचा असतो. आंबट आणि क्षार एकमेकांना मारून टाकतात आणि मागे मिठासारखा पदार्थ विरघळलेलं पाणी उरतं. नुसता ओला सोडा किंवा टूथपेस्ट यांनी जे थोडंफार साफ होतं ते त्यातल्या बारीक कणांच्या घासण्याने होतं. म्हणजे तो बारीक पॉलिशचाच प्रकार आहे. रंगावर त्यांचा रासायनिक परिणाम काही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने जुन्या कॉम्प्युटरची पिवळी झालेली खोकी उजळतात, हे खरं आहे. पण ते एबीएस नावाचं वेगळं प्लास्टिक असतं. दिव्याच्या लेन्सला ते लागू नाही. डास पळवायच्या स्प्रेने हेडलाइट चकचकीत होतो असंही दाखवतात. त्यातलं डीट हे रसायन पॉलिकार्बोनेटचा वरचा थर चक्क वितळवतं. काही दिवस चमक दिसते, मग चिकट, डागाळलेली लेन्स हातात येते.

उरला ओव्हन क्लीनर. तुमच्या यादीतला कामाचा म्हणावा असा हा एकच, आणि त्याला अटी आहेत. बहुतेक ओव्हन क्लीनरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो, आणि टिंटच्या (दिवे काळपट करायच्या स्प्रेच्या) कॅनमधलं साधं लॅकर क्षाराने फुगून सुटतं. पण हे फक्त ॲक्रिलिकच्या लेन्सवर करायचं. हेडलाइटवर काळा स्प्रे असेल तर हा मार्ग बंद समजा. तिथे क्षार आधी वरचं संरक्षक कोटिंग खातो आणि मग पॉलिकार्बोनेट. शिवाय डब्यावरची घटकांची यादी वाचा. इथेनॉलामाइन किंवा ब्युटॉक्सीइथेनॉल दिसलं तर ॲक्रिलिकवरही तो वापरू नका, कारण अशा द्रावकांनी तडे जाऊ शकतात.

हे तडे म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण लेन्स बहुतेक वेळा यानेच जाते आणि नुकसान होताना दिसतही नाही. साच्यात प्लास्टिक थंड होताना त्याच्या आत ताण अडकून राहतो. स्क्रूच्या भोकांभोवती, तीक्ष्ण कोपऱ्यांत आणि जिथे लेन्स दिव्याच्या मागच्या खोक्याला गरम करून चिकटवलेली असते त्या कडेला तो सगळ्यात जास्त असतो. अल्कोहोल किंवा तसा द्रव तिथे पोचला की तो ताण सुटायला वाट मिळते आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक भेगा उघडतात. समोरून पाहिलं तर काही दिसत नाही. दिवा हातात घेऊन खिडकीच्या उजेडात तिरपा फिरवा: एका विशिष्ट कोनात स्क्रूच्या भोवती माशाच्या खवल्यांसारखी चंदेरी चमक उठते आणि कोन बदलला की विझते. ते तडे. पुसून जात नाहीत, घासून जात नाहीत, कारण ते खोल असतात. दिवा पेटला की गरम होतो, विझला की थंड होतो, आणि दर वेळी ते थोडे पुढे सरकतात. मग एके दिवशी पावसाचं पाणी आत दिसायला लागतं. म्हणूनच माझा आग्रह असतो की सौम्य वस्तूपासून सुरुवात करायची आणि ती हरली तरच पुढची घ्यायची.

प्रत्यक्ष काम मी असं करतो. दिवा गाडीवर असताना काही करत नाही, कारण जे रसायन टिंट काढतं ते बॉडीचा रंगही काढतं. दिवा उतरवून बल्ब आणि होल्डर बाहेर काढायचे, मागची सगळी भोकं आणि हवेची नळी टेपने घट्ट बंद करायची. हे बंद करणं टाळू नका. आतल्या रिफ्लेक्टरची चमक म्हणजे निर्वात पोकळीत चढवलेला ॲल्युमिनियमचा थर असतो, मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाडीचा. त्यावर संरक्षक लेप असला तरी कॉस्टिकचं पाणी एखाद्या सूक्ष्म छिद्रातून खाली शिरतं आणि ॲल्युमिनियम विरघळायला लागतं. चमक गेलेला रिफ्लेक्टर घरी परत चमकवता येत नाही. आत गेलेलं नुसतं साबणाचं पाणीसुद्धा डाग सोडून जातं. म्हणून लेन्सच्या आतल्या बाजूला कुठलाही क्लीनर ओतून खळखळवायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

मग कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण. धुळीचे कण राहिले तर पुढच्या प्रत्येक पुसण्यात ओरखडे पडतात, तेव्हा धुताना कंटाळा नको. सुकल्यावर दडलेल्या कडेवर पहिली चाचणी रॉकेलची किंवा लायटरमध्ये भरायच्या नॅफ्थाची. इअरबड भिजवून पाच-दहा वेळा फिरवा. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोघांनाही हे सहसा मानवतं. डांबराचे ठिपके, गोंद, मेण आणि काही स्वस्त स्प्रे एवढ्यानेच सुटतात. इअरबड पांढराच राहिला तर दुसरी चाचणी आयसोप्रोपिल अल्कोहोलची, निम्मं पाणी मिसळून. अल्कोहोलने ॲक्रिलिक तडकतं हे वर सांगितलंच, म्हणून ते पातळ करून आणि जपूनच वापरायचं. इथे इअरबडवर तपकिरी-काळा डाग आला तर तुमचं काम पुसण्यावर भागणार आहे.

अल्कोहोलने पुसताना कापड ओलं करायचं, लेन्स नाही. ओंजळीएवढा भाग घ्या, हलक्या हाताने दोन-तीन वेळा पुसा, कापडाची घडी बदला. तीच काळी घडी परत फिरवली तर सुटलेला रंग शेजारच्या भागात जाऊन बसतो. प्रत्येक भाग झाला की लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. स्क्रूच्या भोकांजवळ आणि चिकटवलेल्या कडेशी अल्कोहोल साचू देऊ नका. कडेच्या खाचेत जो काळा रंग अडकतो तो काढायला लाकडी टूथपिकवर कापडाचा तुकडा गुंडाळून वापरा, पातं नको.

अल्कोहोलही हरलं आणि लेन्स ॲक्रिलिकची असल्याची खात्री असली, तर ओव्हन क्लीनर. मोकळ्या हवेत, रबरी हातमोजे आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा घालून. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर ॲसिडपेक्षाही खोल इजा करतं. तसं झालंच तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धरायचा आणि तडक डॉक्टरकडे. फेस आधी थोड्याच भागावर मारा. दोन-तीन मिनिटांनी प्लास्टिकच्या बोथट पट्टीने सरकवून पाहा. काळा थर सुरकुतला असेल तर ओल्या कापडाने उचलून घ्या, भरपूर पाण्याने धुवा आणि लेन्स उजेडात तिरपी धरून तडे दिसतात का ते बघा. ठीक असेल तरच पुढचा भाग. रात्रभर लावून ठेवायचं नाही, उन्हात तर अजिबात नाही. क्रोम पट्टी किंवा ॲल्युमिनियमची कड असेल तर तिला आधी टेप लावा.

काही गाड्यांवर मात्र स्प्रेच्या वरून गाडीच्या रंगासारखं दोन घटकांचं क्लिअर कोट, म्हणजे कडक पारदर्शक थर, मारलेलं असतं. ते घट्ट झालं की घरातली कुठलीही बाटली त्याला हात लावू शकत नाही, आणि जी लावू शकते ती लेन्सलाही सोडत नाही. तिथे वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा सँडपेपर. खरं सांगायचं तर असा थर दिसला की मी रसायनांच्या नादी लागतच नाही, सरळ पेपर घेतो. घासण्यात आपण कुठवर आलो ते डोळ्यांना दिसतं.

1000 नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करा. थर फारच जाड असेल तर 800. पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळा, म्हणजे बोटांचे खड्डे पडणार नाहीत. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि पाणी सतत चालू ठेवा. आता खाली ओघळणाऱ्या पाण्याच्या रंगाकडे लक्ष द्या. क्लिअर कोट निघतोय तोवर ते दुधाळ असतं. टिंटला पोचलात की राखाडी, मग काळपट होतं. आणि ज्या क्षणी लाल भागावरून येणारं पाणी गुलाबी आणि केशरी भागावरून येणारं पाणी फिकट नारिंगी दिसू लागतं, त्या क्षणी थांबा: तुम्ही मूळ लेन्सवर आलात. तो गुलाबी ओघळ म्हणजे रंग प्लास्टिकच्या अंगातच आहे याचा पुरावाही आहे. कितीही घासा, तो येतच राहणार, लेन्स संपेपर्यंत.

मग 1500, 2000 आणि 3000, दर वेळी आधीच्या दिशेला आडवं. पुढच्या पेपरवर कधी जायचं? आधीच्या पेपरचे ओरखडे एकही दिसत नसतील तेव्हाच, आणि हे लेन्स पुसून, सुकवून पाहायचं. ओल्या लेन्सवर सगळंच गुळगुळीत दिसतं. शेवटी प्लास्टिकचं पॉलिश किंवा बारीक रबिंग कंपाउंड फोमच्या पॅडवर. मशीन असेल तर वेग कमी ठेवा. ॲक्रिलिक घर्षणाने तापून चिकट होतं आणि पॅडच्या रेषा त्यात उमटतात. हाताला लेन्स कोमटपेक्षा जास्त गरम लागली की थांबायचं. ॲक्रिलिकला उन्हापासून वाचवायला नंतर वेगळं कोटिंग लागत नाही, पॉलिश झालं की काम झालं.

हेडलाइटचं गणित वेगळं आहे, आणि पुष्कळ लोक रंग काढायचाय म्हणतात तेव्हा त्यांना हेडलाइटचा पिवळेपणा म्हणायचा असतो, म्हणून तेही सांगतो. पॉलिकार्बोनेट उघडं पडलं तर सूर्याच्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं, त्यामुळे कारखान्यात त्यावर कडक संरक्षक कोटिंग चढवलेलं असतं. ते काही वर्षांत भेगाळतं, झिजतं आणि मग पिवळेपणा येतो. तो खराब झालेल्या वरच्या थरात असतो. म्हणजे घासून निघतो, धुऊन निघत नाही. वरच्याच पेपरच्या क्रमाने तो काढता येतो, पण इथे शेवटी अतिनील रोखणारं क्लिअर कोट लावलंच पाहिजे. नुसतं पॉलिश करून सोडलेला हेडलाइट काही महिन्यांत परत पिवळा होतो, कारण त्याचं उरलंसुरलं कवचही आपण काढलेलं असतं. आत दमट वाफ किंवा आतल्या बाजूने धूसरपणा असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. तो दिवा उघडावाच लागतो. हेडलाइटची लेन्स पुष्कळदा ब्युटाइल सीलरने (रबरासारख्या चिकट पदार्थाने) बसवलेली असते, ती गरम करून सुटते. टेललॅम्पच्या लेन्स सहसा वितळवून जोडलेल्या असतात, त्या न मोडता सुटत नाहीत.

दुसऱ्या गाडीच्या बंपरचा रंग घासून लागला असेल तर तो लेन्सच्या वर बसलेला असतो. आधी रॉकेल, मग 3000चा पेपर, मग पॉलिश, एवढ्यात जातो. परमनंट मार्करची रेघ पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने जाते. लाल लेन्स उन्हाने फिकी गुलाबी झाली असेल तर मात्र ती कुठल्याही उपायाने परत गडद होत नाही. तिथलं रंगद्रव्यच मेलेलं असतं, आणि अशी लेन्स बदलणंच बरं, कारण तिच्यातून लाल प्रकाशाऐवजी फिकट गुलाबी उजेड बाहेर पडतो.

आता तुमच्या मूळ हौसेकडे, केशरी भाग बिनरंगी करण्याकडे. रंग निघत नाही हे झालंच. पण तो तिथे का आहे हेही बघा. 1968च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारानुसार मागचा दिवा लाल आणि इंडिकेटर केशरी दिसला पाहिजे. अमेरिकेच्या नियमांत मागचा इंडिकेटर लाल किंवा केशरी चालतो, पण पांढरा तिथेही चालत नाही. लेन्स केशरी असते तेव्हा आत साधा पांढरा बल्ब असतो आणि रंग लेन्स देते. लेन्सचा रंग काढला तर मागच्याला पांढरा लुकलुकणारा दिवा दिसेल, आणि मागे पांढरा दिवा म्हणजे गाडी मागे येतेय असा अर्थ होतो. लेन्सवर गोलात ‘ई’ हे इंग्रजी अक्षर आणि शेजारी आकडा असेल, तर ती त्या रंगासकट मंजूर झालेली आहे. ई1 म्हणजे जर्मनीत, ई4 म्हणजे नेदरलँड्समध्ये. त्याच ओळीत ‘2ए’ म्हणजे मागचा इंडिकेटर, ‘एआर’ म्हणजे रिव्हर्स, ‘आयए’ म्हणजे परावर्तक, असे संकेत असतात.

त्या परावर्तकाकडे घासताना विशेष लक्ष द्या. लाल भागात मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, तिथे आतल्या बाजूला छोटे छोटे त्रिकोणी कोपरे असतात. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा प्रकाश ते आल्या दिशेला परत पाठवतात, गाडी बंद असली तरी. काळ्या स्प्रेने हाच भाग सगळ्यात जास्त मारला जातो, कारण प्रकाशाला त्या थरातून एकदा आत आणि एकदा बाहेर असं दोनदा जावं लागतं. म्हणून टिंट काढताना इतर कुठे थोडा राहिला तरी बेहत्तर, परावर्तकावर अजिबात राहू देऊ नका. झाल्यावर रात्री दहा-पंधरा पावलं मागे जाऊन डोळ्यांच्या उंचीला टॉर्च धरून पाहा. दोन्ही बाजूंचे परावर्तक सारखेच उजळले पाहिजेत.

बिनरंगी इंडिकेटर हवाच असेल तर सरळ वाट एकच: त्या मॉडेलसाठी कारखान्यातून बिनरंगी इंडिकेटरसह मंजूर होऊन आलेला अख्खा दिवा मिळतो का ते बघायचं, आणि त्यात केशरी बल्ब लावायचा. बल्ब घेताना पिना तपासा. साध्या 21 वॉटच्या पांढऱ्या बल्बच्या दोन पिना एकमेकींच्या बरोबर समोर, 180 अंशांवर असतात. केशरी बल्बच्या 150 अंशांवर असतात. पांढरा बल्ब चुकून बिनरंगी लेन्सच्या मागे जाऊ नये म्हणून हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. त्यामुळे केशरी बल्ब तुमच्या जुन्या होल्डरमध्ये बसणार नाही, नव्या दिव्याबरोबर त्याचा होल्डरही घ्यावा लागेल. बसवायचा म्हणून पीन कापू किंवा घासू नका. तसा बल्ब होल्डरमध्ये सैल बसतो, आणि खड्ड्यातून गेल्यावर इंडिकेटर कधी लागतो, कधी लागत नाही.

तोवर काळा थर काढलेली तुमची केशरी लेन्स जशी आहे तशीच लावा. लावण्याआधी एक दिवस ती सावलीत सुकू द्या, स्क्रूभोवती चंदेरी चमक नाही ना ते परत एकदा बघा, भोकांवरचे टेप काढा आणि स्क्रू हाताने जेमतेम आवळा. जास्त पिळला तर जो ताण आपण इतका वेळ सांभाळला तोच पुन्हा भरला जातो.